ट्रॅक नसलेलं वाद्य

फाइल उघडली आणि चंदनानं माउस बाजूला ठेवून दिला. पडदाभर गाण्याचे ट्रॅक होते, एकेका वाद्याची एकेक ओळ. खाली सरकवलं तर आणखी होते. पहिल्याचं नाव ‘नवीन’, दुसऱ्याचं ‘नवीन नवीन’, तिसऱ्याचं ‘मधला’, त्याच्याखाली ‘मधल्याच्या खालचा’. पुढं ‘हे नको’ नावाचा एक ट्रॅक होता आणि तो चालू होता. ‘हेच घ्यायचं’ नावाचा होता, तो बंद.

चंदना मगदूमचा स्टुडिओ माधवनगरात, भावाच्या यंत्रमागाच्या शेडवर होता. खाली माग चालू असले की जमीन बारीक थरथरायची, त्यामुळं माणूस समोर बसवून रेकॉर्डिंग करायचं तर सुट्टीचा दिवस बघावा लागे. बाकीचे दिवस तिचं काम कॉम्प्युटरमधल्या वाद्यांवर चाले. ढोल, सनई, व्हायोलिन, सगळं प्लगइनमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. आत सूर मांडायचे आणि वाजवायचे. आसपासच्या गावांतले हौशी लोक घरी लॅपटॉपवर अर्धीमुर्धी गाणी करून पाठवत आणि ती नीट लावून देणं हा तिचा धंदा होता. घाण फाइली तिला नव्या नव्हत्या. पण ही फाइल बघून तिचं डोकं उठलं.

फाइल होती मानसिंगराव काटकरांची. म्हसवडजवळच्या एका वाडीतले. फौजेच्या बॅण्डात क्लॅरिनेट वाजवून रिटायर झालेले. मुलगा फौजेतच होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बापाला जुना लॅपटॉप दिला, आणि मानसिंगराव व्हिडिओ बघून बघून त्यावर संगीत करायला शिकले. सून दीपमाला गावातल्या शाळेत शिक्षिका. तिनं मुलींचं लेझीम पथक उभं केलं होतं, साताऱ्याला स्पर्धा होती आणि तिच्यासाठी सासऱ्यानं धून बांधली होती. मोबाइलवर ती झकास वाजायची. शाळेच्या मोठ्या स्पीकरवर लावली की ढोल फाटायचा आणि सनई त्यात दबून जायची. म्हणून फाइल चंदनाकडं आली होती, सोबत निरोप, ‘जरा दुरुस्त करून द्यावे.’

चंदनानं फोन लावला.

“काका, ह्यातली सनई कुठली ओ?”

“सनई व्हय? मधल्याच्या खालचा बघा.”

“तो बघितला. त्यात झांजा आहेत.”

“मग त्याच्या बी खालचा.”

“त्याचं नाव ‘दीपमाला’ आहे.”

“तीच सनई. दीपमालाला आवडली म्हणून नाव घातलंय.”

“काका, वाद्याचं नाव घालायचं ना.”

“आवं ताई, नाव कशाला लागतंय? मला म्हाईत हाय की कुठला कुठं हाय ते.”

“मला नाही की ओ माहीत,” चंदना म्हणाली आणि सगळा ट्रॅक न् ट्रॅक त्यांना फोनवर विचारत बसली. निम्मे ट्रॅक रिकामेच निघाले. ते पुसू का म्हटल्यावर मानसिंगराव म्हणाले, “असू द्या. लागंल कवातरी.”

नावांचं एक वेळ ठीक होतं. खरी डोकेदुखी आत होती. मानसिंगरावांनी सगळी वाद्यं एकाच प्लगइनमध्ये कोंबली होती. म्हणजे एकाच खोलीत सगळा बॅण्ड आणि बाहेर यायला दार एकच. मिक्सरवर ढोल कमी करावा तर त्याच्याबरोबर सनईही कमी व्हायची. सनई वाढवली की ढोल अंगावर. कुठलं वाद्य कुणाचं ऐकून वाजणार, हे तेवढं चॅनलच्या नंबरावर ठरलेलं होतं. ट्रॅकला तीन नंबर दिला की आत तीन नंबरचं वाद्य वाजायचं. हे नंबरही मानसिंगरावांनी मनाला येईल तसे टाकले होते. वर प्रत्येक ट्रॅकला घुमाऱ्याचा वेगळा इफेक्ट लावला होता. एवढ्या घुमाऱ्यांनी चंदनाच्या कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला.

तिनं ठरवलं की हे ठिगळं लावून भागणार नाही. मूळ फाइल तशीच ठेवून तिनं नव्या नावानं दुसरी केली आणि एकेक वाद्य त्या खोलीतून बाहेर काढलं. ढोलाला स्वतःचं प्लगइन, स्वतःचा ट्रॅक, मिक्सरवर जायला स्वतःची वाट. मग झांजा. मग सनई, क्लॅरिनेट, व्हायोलिन. तालाची वाद्यं एका फोल्डरात, सुराची दुसऱ्या. रंगसुद्धा दिले, तालाला तांबडा आणि सुराला हिरवा. घुमारा सगळ्यांना मिळून एकच ठेवला. जुन्या प्लगइनमध्ये कुठल्याच ट्रॅकचा नंबर नसलेली चार-दोन वाद्यं नुसती पडून होती. ती तिनं घेतलीच नाहीत.

काम संपलं तेव्हा पडदा नांगरून वखरलेल्या रानासारखा दिसत होता. तिनं धून लावली. ढोल ढोलासारखा आणि सनई वर स्वच्छ. तिला स्वतःलाच बरं वाटलं. तिनं फाइल पाठवली आणि जेवायला खाली गेली.

संध्याकाळी मानसिंगरावांचा फोन आला. “लय साफ झालंय, ताई. माझं क्लॅरिनेट मला पैल्यांदाच ऐकू आलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन आला, आणि आवाज फौजी होता.

“तुमी ह्यातलं काय काढलंय का?”

“काही नाही काढलं. का?”

“पोरी चुकायला लागल्यात.”

“कशा चुकतायत?”

“गिरकीला. आदल्या दिसापर्यंत सगळ्या एकदम वळत व्हत्या. आता निम्म्या आदी, निम्म्या मागनं. दोघी एकमेकींवर आदळल्या.”

“काका, सूर सगळे तेच आहेत. मी एकसुद्धा हलवला नाही. लय तीच, ताल तोच. पोरींना नव्या आवाजाची सवय नाही, दोनदा ऐकतील, होईल.”

“धा बारा बार ऐकवलंय.”

“मग स्पीकरचं काही असेल.”

“स्पीकर त्योच हाय.”

चंदनानं दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून ढोलाचे ठोके तपासले. एकही इकडंतिकडं नव्हता. तिनं तसं कळवलं. मानसिंगरावांनी ‘पोरी चुकत्यातच’ एवढंच उत्तर पाठवलं. तिनं ढोल जरा वाढवून पाठवला. पोरी चुकल्या. झांजा वाढवून पाठवल्या. उत्तर आलं, ‘आता जास्त चुकत्यात.’ स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि तिच्याकडं माधवनगरच्याच एका मंडळाचं गाणं अडकून पडलं होतं. तिनं फोन करून जरा जोरातच सांगितलं, “काका, मला इथं बसून तुमच्या पोरींचे पाय दिसत नाहीत. मी कुठं बघू?”

“मग आमीच येतो,” मानसिंगराव म्हणाले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सासरा आणि सून दोघं शेजाऱ्याच्या गाडीतून माधवनगरला आले. मानसिंगराव जिना चढून आले ते ताठ, शर्ट इनमध्ये, मिशी नीट. दीपमाला चपळ आणि कमी बोलणारी. तिच्या पायात खेळाचे बूट होते. पाणी प्यायल्यावर तिनं चंदनाला विचारलं, “ही चटई बाजूला घेऊ का? मी करूनच दाखवते.”

चंदनानं दीपमालाच्या मोबाइलवरची जुनी धून लावली. दीपमाला रिकाम्या हातांनी लेझीम धरल्यासारखी उभी राहिली. चार पावलं पुढं, बसली, उठली, उजवीकडं झुकली आणि गर्रकन वळली. पाय नेमका ठोक्यावर टेकला. पुढच्या कडव्याला तसंच, आणि तिसऱ्यालाही.

“आता नवीन लावा.”

चंदनानं लावली. दीपमाला पुढं गेली, बसली, उठली, झुकली आणि थांबली. तिचा एक पाय हवेतच राहिला. वळायची जागा निघून गेली होती.

“हे असं होतंय,” ती म्हणाली. “मी शिकवणारी असून माझंच असं होतंय. कुणीतरी ‘हं’ म्हणायचं आणि आपण वळायचं, आणि ते म्हणतच नाही.”

आता चंदनाचा राग पोरींवरून आपल्यावर आला. म्हणजे काहीतरी होतं. तिनं मूळ फाइल उघडली. गिरकीच्या जागेवर जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, मग नवीन फाइलमधला तोच तुकडा. जुन्यात आवाज कोंदट होता, गढूळ होता, पण गिरकीच्या आधी पोटात काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. नव्यात ते नव्हतं.

“घुमारा जास्त होता, त्याचं असेल,” ती म्हणाली आणि जुन्या फाइलमधले सगळे घुमारे बंद केले. पोटातलं हलणं तसंच राहिलं.

मग ती एकेक ट्रॅक बंद करत गेली. व्हायोलिन बंद केलं, राहिलं. क्लॅरिनेट बंद केलं, राहिलं.

“क्लॅरिनेट कशाला बंद करताय?” मानसिंगराव म्हणाले.

“काका, जरा थांबा.”

“न्हाई, पन त्येचा काय संबंध?”

“काका.”

सनई बंद झाली, झांजा बंद झाल्या. शेवटी एकटा ढोल उरला. गिरकीच्या आधी ढोलाचा सगळ्यात खालचा ठोका पडला, घुम्म, आणि त्याच्याखालून पितळी भोंग्यासारखा जाड, खोल सूर उमटून लगेच तुटला.

तिघांनीही तो ऐकला.

“हे कोण?” चंदना म्हणाली. “हा ढोल नाही.”

तिनं प्लगइन उघडून आतली वाद्यं बघितली. ढोल, झांजा, सनई, क्लॅरिनेट, व्हायोलिन. तळाशी, जी तिनं नुसती पडून आहेत म्हणून सोडली होती, त्यांत एक ट्युबा होता, बॅण्डातला सगळ्यात मोठा पितळी भोंगा. बाकी प्रत्येक वाद्यासमोर चॅनलचा नंबर होता. ट्युबासमोर लिहिलं होतं, ‘सगळे’.

चंदनानं कपाळावर हात मारला. “काका, हा ट्युबा तुम्ही घेतला होता?”

“सुरवातीला घेतला व्हता. बघू म्हनलं कसा वाटतोय. मग सोडला.”

“सोडला, पण बाहेर नाही काढला. आणि त्याला नंबर दिला नाही. नंबर नाही म्हणजे तो सगळ्यांचंच ऐकत बसलाय. ट्युबाला वरचे सूर वाजवता येत नाहीत, म्हणून सनई न् क्लॅरिनेट वाजताना तो गप्प. ढोलाचा हा खालचा ठोका तेवढा त्याच्या आवाक्यात येतो. तो पडला की हाही वाजतो. आणि तो ठोका तुम्ही फक्त गिरकीच्या आधी घातलाय.”

मानसिंगराव पडद्याकडं बघत राहिले. “म्हंजे मी वाजवलेलं न्हाई, ते वाजतंय?”

“हो.”

“मग चूक हाय ती. काढून टाका.”

“काढलंच होतं की ओ,” चंदना म्हणाली. “म्हणून तर तुम्ही इथं आलाय.”

दीपमालानं तोंडावर हात धरला. मानसिंगरावांना हसू आलं नाही. “बॅण्डात असं चालत न्हाई, ताई. एकानं चुकून फुकलं तर अख्खी लाइन धुपात हुबी करत्यात. माझ्या धुनेत भलताच कोन वाजनार, आन त्यावर पोरी नाचनार व्हय? पोरींना सांगायचं, नीट मोजून वळा.”

“मामा, दिवस कुठं राहिलेत?” दीपमाला म्हणाली. “त्या मोजत नाहीत. तुमच्या सनईवर पुढं जातात, पण वळायचं कधी, ते हाच सांगतोय त्यांना. महिनाभर त्यांनी हेच ऐकलंय. आता पाय बदलायला लावले तर पुढं जायचं पण विसरतील.”

“म्हंजे मी येवढं बसून केलं त्ये न्हाई, आन आपोआप झालं त्येच कामाचं.”

“तसं कोण म्हणालं?”

“मंग काय म्हनतीयास?”

मानसिंगराव उठले आणि बाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले. खालचे माग खडखडत होते. चंदनाला मंडळाचं गाणं आठवलं, त्यांचा संध्याकाळचा वायदा आठवला. कुठल्या मुहूर्तावर ही फाइल उघडली असं तिला झालं. ट्युबा परत ठेवायचा तर कामाला एक मिनिट पुरलं असतं. पण धून ज्याची त्यानं हो म्हटल्याशिवाय तिला हात लावता येत नव्हता.

“असेच आहेत का घरी?” तिनं हळूच विचारलं.

“घरी बरे आहेत,” दीपमाला म्हणाली. “संगीताचं आलं की असे.”

बऱ्याच वेळानं मानसिंगराव आत आले. “लावा परत त्ये. येकटंच.”

चंदनानं ढोल आणि ट्युबा लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं.

“असू द्या,” ते म्हणाले. “पन असा न्हाई. ह्यो काय ट्युबा हाय? ढोलाची टिपरी उठली की ह्यो बी गप. मानूस फुकत आसंल तर असं कचकन तुटतंय व्हय? त्याला दम घ्यावा लागतोय, मग सूर फुगत येतोय, मग सोडतोय.”

“बरं, त्याला मी वेगळा ट्रॅक देते आणि सूर लांबवते.”

तिनं ट्युबाला त्याचं स्वतःचं प्लगइन दिलं, ट्रॅक दिला, मिक्सरवर जागा दिली आणि सूर माउसनं ओढून लांब केला.

“लय लांब झाला.”

तिनं आखूड केला.

“आता सुरवात मेल्यासारखी हाय.”

तिनं सुरवात उचलली.

“येवढी न्हाई. त्यो काय भांडाय आलाय?”

असं किती वेळ चाललं कोण जाणे. दीपमाला चटईवर बसून चुरमुरे खात होती. शेवटी चंदनानं टेबलाखालचा छोटा कीबोर्ड ओढून काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“काका, तुम्हीच वाजवा.”

“मी क्लॅरिनेटवाला हाय.”

“असू दे. तो सूर कसा यायचा, तुम्हाला माहीत आहे. मला नाही. वाजवा.”

मानसिंगरावांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. चंदनानं धून सुरू केली. ते एका बोटानं, गाल फुगवून, खरोखर फुंकत असल्यासारखे बसले. पहिली गिरकी चुकली, उशीर झाला. दुसरीही चुकली. तिसरीला बोट वेळेच्या किंचित आधी पडलं, सूर ढोलाच्या खालून वर येत ठोक्यावर भरला, आणि चटईवर बसलेली दीपमाला न सांगता उठून उभी राहिली.

“हे,” ती म्हणाली. “मामा, हे.”

पुन्हा सुरवातीपासून रेकॉर्ड केलं. मानसिंगरावांनी शेवटच्या कडव्याला दोन सूर जास्त घातले, ते कुणी सांगितले नव्हते. चंदनानं ते राहू दिले. दीपमालानं पूर्ण धुनेवर पाय टाकून बघितले आणि सगळ्या गिरक्या जागच्या जागी आल्या.

“ट्रॅकला नाव काय घालू?” चंदनानं विचारलं.

“नाथाजी.”

“कोण?”

“आमच्या बॅण्डात ट्युबावाला व्हता. माझ्या मागं हुबा ऱ्हायचा. लय वर्सं त्येचा वारा मानंवर घेतलाय मी.”

“काका, वाद्याचं नाव सांगा ओ.”

“सांगितलं की.”

तिनं वाद घातला नाही. ‘ट्युबा नाथाजी’ असं लिहिलं आणि ट्रॅकला हिरवा रंग दिला.

स्पर्धेच्या दिवशी चंदना साताऱ्याला गेली. तिला जायचं नव्हतं, पण मैदानावर स्पीकर कोण चालवणार ते माहीत नव्हतं, आणि एवढ्यावर येऊन कुणीतरी माती करावी हे तिला सहन झालं नसतं. झालंही तसंच. स्पीकरवाल्यानं जाड आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. आधीच्या शाळेची धून लागली तेव्हा मंडपाचे पत्रे वाजत होते.

“हे जरा कमी करा,” ती म्हणाली.

“पब्लिकला असंच लागतंय, मॅडम.”

“पब्लिक नाचणार नाही, मुली नाचणार आहेत. कमी करा.”

“आख्ख्या जिल्ह्याला असंच वाजवतोय मी.”

ती तिथून हलली नाही. वाडीच्या मुली मैदानात आल्या, रांगा लागल्या, तरी ती बटणाशेजारीच उभी. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, “तुमीच फिरवा मग,” आणि चहा प्यायला गेला. तिनं बटण निम्म्यावर आणलं.

धून सुरू झाली. सनईवर मुली पुढं आल्या, बसल्या, उठल्या, झुकल्या. ढोल पडला, त्याच्याखालून ट्युबा भरून आला आणि सगळ्या रांगा एका अंगानं वळल्या. एवढे दिवस ती धून तिनं शंभरदा ऐकली होती, वैतागून ऐकली होती, पण ती कशासाठी आहे हे तिला आत्ताच दिसलं. मानसिंगराव पलीकडच्या दोरीला धरून ताठ उभे होते. दर गिरकीला त्यांचे गाल फुगत होते.

वाडीचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर शहरातल्या शाळेचा, त्यांच्या मुली सरस होत्या हे दीपमालाही म्हणाली. मुली मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या. त्यातल्या एकीनं चंदनाला येऊन विचारलं, “त्ये मोठं वाजतंय त्ये तुमी वाजिवलंय?”

“नाही. ह्यांनी,” चंदनानं मानसिंगरावांकडं बोट केलं.

मानसिंगराव काहीतरी बोलणार होते, पण मुलीनं वाकून नमस्कार केला आणि ते थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “डावी रांग शेवटच्याला जरा ढिली पडली. बाकी ठीक.”

चंदना परत निघाली. हायवेला लागली तोच फोन वाजला. तिनं गाडी कडेला घेतली.

“ताई, येक काम व्हतं.”

“बोला, काका.”

“त्यो ट्युबा न्हाई अशी बी येक प्रत करून द्याल का? पोरींना न्हाई. माझ्यापुरती.”

“कशाला ओ?”

“क्लॅरिनेटच्या शेवटच्या सुरावर जरा येतोय त्यो. मला माझा सूर मोकळा ऐकायचा हाय.”

चंदनानं डोळे मिटले. उसाच्या दोन ट्रॉल्या धूळ उडवत शेजारून गेल्या.

“सोमवारी करते,” ती म्हणाली.

“सोमवारी सकाळी?”

“दुपारी.”

“बरं. आन सनईचा बी येक इचार करून बगा, जरा वर घेता येती का.”

तिनं हो म्हटलं, फोन बंद केला आणि कराड येईपर्यंत तो उघडला नाही.